कावळ्यापाशी अडकलेली सीडी

अमेरिकेतल्या पार्सिपनीत मराठी माणसाच्या घरातल्या कॉम्प्युटरनं सीडी गिळली आणि परत द्यायचं नाव काढलं नाही, की फोन दिगंबर घाडग्याला जायचा. दोन हजार चार-पाच सालची ही गोष्ट. तेव्हा सगळा संसार सीडीवर चालायचा. लग्नाची सीडी, बारशाची सीडी, गणपतीत पोरांनी बसवलेल्या नाटकाची सीडी. देशातनं कुणी पाव्हणा आला की त्याच्या बॅगेत कुरडया-पापडांच्या मधे चार पिक्चरच्या सीड्या निघायच्याच.

दिगू आणि मी एकाच तालुक्यातले, खटावचे. त्याचं गाव माझ्या गावापासून दोन टेकाडं पलीकडं. देशात असतो तर एखाद्या बाजाराला तोंड बघितलं असतं तेवढंच. इथं मात्र एका बिल्डिंगीत, समोरासमोर दारं. पुण्याची मंडळी आमचं बोलणं ऐकून गालात हसायची. हसू देत. आमची भाषा आम्ही कस्टममधनं सोडवून आणली होती, ती काय गॅरेजात टाकून ठेवायला?

दिगू काळा, आडव्या हाडाचा, मिशीवाला. एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरात चुका शोधायची नोकरी करायचा. पण कॉम्प्युटर दुरुस्तीला बसला की इंजिनिअर कमी आणि ढोरवैद्य जास्त दिसायचा. आधी डब्यावर तळहात ठेवायचा. मग कान लावायचा. मग म्हणायचा, "शेवटचं काय घातलं हुतं तोंडात?"

एकदा नेत्राच्या घरी मी बरोबर होतो. नेत्रा पुण्याची, बोलायला फटाकडी.

"दिगंबरजी, ओपनच होत नाहीये यार. आत ममाच्या साठीच्या फंक्शनची सीडी आहे."

"सीडी एकच का?"

"म्हणजे काय, एकच असणार ना."

दिगूनं खिशातनं कागदांना लावतात ती वळवलेल्या तारेची टाचणी काढली, ती सरळ केली. ड्राइव्हच्या तोंडाशी बारकं भोक असतं, त्यात ती हळूच खुपसली. ट्रे जिभेसारखा बाहेर आला. जिभेवर एकावर एक दोन सीड्या. खालची ममाची, वरची नेत्राच्या पोराच्या खेळाची.

"दोन घास एकदम कोंबल्यावर बैलबी ठसकतोय, नेत्राताई," दिगू म्हणाला.

त्याचं एक शास्त्र होतं. आधी बघायचं, आजार जनावराला आहे का वैरणीला. म्हणजे ड्राइव्ह बिघडलाय का सीडी. अडकलेली सीडी दुसऱ्याच्या ड्राइव्हला लावून बघायची, आणि ड्राइव्हला दुसरी चांगली सीडी. जे दोन्हीकडं रडंल ते दुखणाईत. मग भिंगावरची धूळ पुसायची, मागची वायर काढून परत खोचायची, सीडी मधनं कडेकडं पुसायची, गोल गोल नाही. त्याचे निम्मे उपाय लागू पडायचे, निम्मे पडायचे नाहीत. नाही पडले की चहा पिऊन म्हणायचा, "नवा घ्या आता. ह्यो गेला." त्याला त्याचं काही वाटायचं नाही. गेलं ते गेलं म्हणणारा माणूस होता.

दोन हजार पाचाच्या माघात त्याची आई गेली.

ती गेली तेव्हा दिगूच्या व्हिसाचे कागद मधेच लटकलेले. वकील म्हणाला, गेलास तर परत येशीलच असं नाही. दिगू आठवडाभर बॅग भरून बसला आणि मग बॅग रिकामी केली. धाकट्या भावानं, संग्रामनं, डोकं भादरलं, अग्नी दिला, सगळं केलं. दहाव्याला दिगूच्या ऑफिसात मोठं काम निघालं होतं. घरात बसून करणार काय म्हणून तोही रातपाळीला गेला. त्याची बायको सुवर्णा घरात एकटी नको म्हणून आमच्याकडं येऊन झोपली. आपल्याकडची सकाळ म्हणजे इथली रात्र. म्हणजे तिकडं येरळा नदीच्या काठाला म्हातारीचे पिंड मांडले तेव्हा दिगू कुठल्यातरी सर्व्हरपुढं डोळे चोळत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं संग्रामला फोन लावला. मी तिथंच होतो.

"शिवला का रं कावळा?"

पलीकडनं संग्राम म्हणाला, "धाव्याची शूटिंग केलीय. सीडी धाडतो. त्यात हाय समदं."

"आरं पर शिवला का न्हाई, तेवढं सांग की."

"तू आपल्या डोळ्यानं बघ. माझ्याच्यानं किती सांगायचं?" एवढं बोलून संग्रामनं फोन ठेवला.

संग्रामचा राग खोटा नव्हता. थोरल्यानं खांदा द्यायचा तो दिला नाही, आता निदान डोळे तरी देऊ दे, असं त्याच्या मनात असावं. दिगूनं भावकीतल्या दोघांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "शिवला की, न शिवायला काय झालं." पण तसं तर सगळेच सांगतात. मेलेल्या माणसाचं मागं काही राहिलं हे कुणी तोंडावर सांगत नाही.

जे आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दहाव्याला नदीच्या काठी भाताचे पिंड ठेवतात आणि माणसं लांब सरकून उभी राहतात. कावळ्यानं पिंडाला चोच लावली तर मेलेला सुखानं गेला. नाही लावली तर त्याचं काहीतरी मागं अडकलंय. मग एकेक माणूस मोठ्यानं शब्द देतो, हे करीन, ते करीन. ज्या शब्दावर कावळा उतरतो, ते त्याचं अडकलेलं होतं असं धरायचं. कशावरच उतरला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात आणि घरी येतात. घरी येतात, पण कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही.

सीडी आली ती फडक्यात शिवून आली. दिगूनं टाके उसवले. सीडीच्या वरच्या अंगावर म्हातारीचा फोटो चिकटवला होता. गावच्या स्टुडिओवाल्यानं फोटोचा जाड कागद गोल कापून डिंकानं डकवलेला. मधलं भोक तोंडावर येऊ नये म्हणून त्यानं फोटो जरा वर सरकवला होता, आणि खाली राहिलेली जागा फुलांच्या चित्राची पट्टी लावून भरली होती. तोंड वाचलं, पण भोक बरोबर म्हातारीच्या गळ्यावर आलं.

रविवार होता. सुवर्णा, मी आणि दिगू, तिघं त्यांच्या हॉलमधे कॉम्प्युटरपुढं बसलो. चित्र सुरू झालं. येरळेची वाळू, पातळ धार, बाभळीवर बसलेले कावळे. संग्राम उघडाबोडका, डोक्यावर वस्तऱ्याच्या खुणा. भटजी, भावकी. पिंड मांडले. माणसं मागं सरकली. एक कावळा बाभळीवरनं उतरून दगडावर आला. त्यानं मान तिरकी केली, पंख निम्मा उघडला आणि चित्र तिथंच थांबलं.

डब्यात घुंईं असा आवाज चढत गेला, मग खडखड झाली आणि सगळं गप.

दिगूनं परत पहिल्यापासून लावली. वाळू, धार, संग्राम, पिंड, कावळा, निम्मा पंख. घुंईं, खडखड.

"अहो, बंद करा," सुवर्णा म्हणाली.

"ड्राइव्ह जुना झालाय," दिगू म्हणाला. त्यानं दुसरी सीडी लावली, नेत्राकडची. ती झ्याक चालली. त्याचा चेहरा उतरला. म्हणजे जनावर चांगलं होतं. दुखणं वैरणीला होतं.

तरी त्यानं आपल्या शास्त्राप्रमाणं सगळं केलं. सीडी माझ्या घरी लावली. माझ्याकडंही कावळ्यापाशीच थांबली. ऑफिसातल्या निमिषकडं नेली. निमिष म्हणाला, "दिग्या, कॉपी मारून बघू ना यार हार्ड डिस्कवर." कॉपी निम्म्याच्या वर गेली की ड्राइव्ह गुरगुरायचा आणि सोडून द्यायचा. दिगूनं सीडी उजेडाला धरून बघितली. खालच्या चकचकीत अंगावर चरा नाही, डाग नाही. चष्म्याच्या फडक्यानं मधनं कडेला, मधनं कडेला पुसली. काही फरक नाही. आणि दोन-चार दिवसांत त्याच्या घरचा ड्राइव्हही गेला. सीडी आत घेतली ती सोडंचना. टाचणीनं ट्रे काढला तेव्हा फोटोची एक कड उष्णतेनं उचलली गेली होती आणि वर घासून म्हातारीच्या पदरावर काळी रेघ उठली होती. नवा ड्राइव्ह बसवला. तोही महिना पुरा व्हायच्या आत तसाच गेला, मग तिसरा बसवला.

इथनं पुढं त्या घराची कळा बदलली.

मी भुताखेताला मानणारा नाही. आमच्या गावात चिंचेखाली हडळ आहे म्हणायचे तिथं मी परसाकडं जायचो. पण दिगूच्या हॉलमधे त्या दिवसांत मलाही बसवायचं नाही. तो कॉम्प्युटर बंदच करायचा नाही. पडद्यावर दगड, त्यावर तो कावळा, पंख निम्मा उघडलेला. जेवताना तो दिसायचा, चहा घेताना दिसायचा. सुवर्णानं एकदा वर टॉवेल टाकला तर दिगूनं काढला.

आणि तिन्हीसांजा झाल्या की ड्राइव्हचा ट्रे आपला आपण बाहेर यायचा. कुणी हात लावलेला नसायचा. हळूच बाहेर यायचा, जरा थांबायचा, आत जायचा. सुवर्णा देवापुढं दिवा लावत असली तर तिथंच थबकायची.

"आत्याबाई काय मागतात वं?" ती मला विचारायची. मला म्हणजे सासूच्या गावाकडचा माणूस म्हणून. "काय द्यायचं राहिलंय?"

"बटन दबत असंल आतल्या आत. न्हायतर वायर ढिली," मी म्हणायचो. दिगूनं बटन खोलून पुसलं, वायर बदलली. ट्रे यायचा तो येतच राहिला. काहीतरी कारण असंल. आम्हाला ते सापडलं नाही.

सुवर्णानं बाल्कनीत पानावर भात ठेवायला सुरुवात केली. इथले कावळे आपल्यापेक्षा थोराड, अंगानं पुरे काळे, मानेला राखाडी पट्टा नाही. कचऱ्याच्या डब्यावर बसून पिझ्झ्याचे तुकडे ओढायचे. बाल्कनीतल्या भाताकडं बघायचे आणि उडून जायचे. खारी यायच्या. मग मॅनेजरची चिठ्ठी आली, बाल्कनीत खाणं ठेवू नका. सुवर्णानं ठेवायचं बंद केलं, पण दुपारचं दार उघडून बघायची.

वरच्या मजल्यावर पुरुषोत्तमकाका राहायचे. लेकाकडं सहा महिन्यांसाठी आलेले, नागपूरकडचे. कुणाच्या घरात काय शिजतं ते त्यांना जिन्यात वास घेऊनच कळायचं. ते आले, पडद्यावरचा कावळा बघितला आणि खुर्ची ओढून बसले.

"हे काही मशीनचं काम नाही बाप्पा," काका म्हणाले. "म्हातारीचं काहीतरी राह्यलं असन."

"काका, मशीनच हाय. कुठंतरी अडकतंय," दिगू म्हणाला.

"मंग दर खेपेले तिथंच का अडकते? मागं नाही, पुढं नाही. तू शब्द देल्ला का तिले?"

"कुणाला?"

"तुयी माय आहे ना ती. तिच्या पिंडासमोर तू उभा नव्हता. आता उभा राह्य."

मी हसलो. दिगू हसला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातनं येताना मी त्याच्याकडं डोकावलो. दार उघडंच होतं. दिगू आंघोळ करून, खांद्यावर पंचा टाकून, कॉम्प्युटरपुढं हात जोडून उभा. पडद्यावर कावळा. दिगू बोलत होता.

"आये, पुढल्या साली येतो. कसंबी येतो." आणि कीबोर्डवरचं एक बटन दाबलं. पलीकडं घुंईं, खडखड.

"संग्रामशी भांडत न्हाई. त्यो बोलंल ते ऐकून घेतो." परत बटन.

"सुवर्णाला तुझ्या हाताखाली धाडली न्हाई, चुकलं." बटन.

"घराम्होरं पार बांधतो तुझ्या नावानं." बटन.

कावळा पंख मिटीना आणि उघडीना. सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मी आल्या पावली मागं फिरलो. सर्व्हर बंद पडला तर ऑफिसात ह्या माणसाचं म्हणणं लोक कान देऊन ऐकायचे, आणि इथं तो ट्रेला नवस बोलत होता. पण त्याच्या जागी मी असतो तर वेगळं काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

असं किती दिवस चाललं कोण जाणे. ऑफिसात त्याच्या चुका व्हायला लागल्या. लोकांच्या घरी दुरुस्तीला जायचं त्यानं सोडलं. नेत्रा मला म्हणाली, "दिगंबरजींना काय झालंय? फोन उचलत नाहीत." मी म्हणालो, आई गेलीय. ती म्हणाली, "ते माहितीये, पण खूप महिने झाले ना आता." आमच्या बिल्डिंगीबाहेर महिने झाले होते. आत दहावा चालू होता.

कारण कळलं ते साध्या गोष्टीतनं. दिगू एकदा टेबलाशी बसला होता. डाव्या हातात पेनाची रिफिल उभी धरलेली आणि तिच्या टोकावर ती सीडी टेकवलेली, पोरं थाळी फिरवतात तशी. फिरवायची सोडून तो नुसता बघत होता. सीडी दर वेळी एकाच अंगाला कलत होती.

"शशा, हिकडं ये," तो मला म्हणाला. "बघ. कुठलं अंग खाली येतंय?"

खाली यायचं ते फुलांच्या पट्टीचं अंग. तिथं कागदावर कागद आला होता, वर डिंकाचा थर.

दिगूच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी जान आली. "सीडी मधनं वाचत वाचत कडंला जाती. सुरवातीला एवढं काय न्हाई. कडंला ग्येली की ह्ये वजान हिसका मारतंय. गाडीचं एक चाक जड असल्यागत. जोरात पळवली की थडथडती, भिंगाला काय दिसत न्हाई. धावा शेवटाला हाय, म्हणून शेवटाला अडकती."

"म्हंजे फोटूमुळं."

"फोटूमुळं."

स्वयंपाकघरातनं सुवर्णा बाहेर आली. "मग काढा तो फोटो. गरम पाण्यात बुडवून काढा. आत्याबाईंचे दुसरे फोटो आहेत आपल्याकडं."

"काढता येत न्हाई."

"का?"

"चित्र खालच्या अंगाला न्हाई बसत, सुवर्णा. वरच्या अंगाला बसतं, चंदेरी पापुद्र्यात. त्येच्यावर फोटू डकवलाय. फोटू वढला तर पापुद्रा संगट यील."

म्हातारीचं तोंड आणि म्हातारीचा दहावा एकमेकांना चिकटून बसले होते. ठेवावं तर दिसत नाही, सोलावं तर राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दिगू ऑफिसला गेल्यावर सुवर्णा आमच्या दारात आली. हातात सीडी. तिनं कापसाचा बोळा पाण्यात भिजवून फोटोची उचललेली कड जराशी ओढली होती. बोटाच्या नखाएवढा कागद निघाला होता आणि त्याच्या पाठीला चंदेरी पापुद्रा. सीडीत तेवढ्या जागी आरपार दिसत होतं.

"भावजी, मला त्या घरात आता राहवत नव्हतं," ती म्हणाली. "ती एकदाची मोडून जावी असं वाटलं. मग हात थांबला."

दिगूला तिनंच सांगितलं. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. त्यानं सीडी उजेडाला धरली, ते आरपार भोक बघितलं आणि म्हणाला, "अगदी कडंला हाय. कावळा त्याच्या अलीकडं असंल." मग जरा वेळानं, "असावा."

आता एकच वाट होती. सीडी सोलायची नाही, हळू चालवायची. आताचे ड्राइव्ह वेगाचे, त्यांना सावकाश जा म्हणून सांगितलं तरी ऐकत नाहीत. जुनं, म्हातारं, मंद जनावर पाहिजे होतं. इथं लोक चालू कॉम्प्युटरसुद्धा कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून जातात. दोघं शनिवारी उन्हं असतानाच निघालो. आमच्या बिल्डिंगीमागं, पलीकडच्या बिल्डिंगीमागं, मग गाडी काढून पार हमरस्त्यापलीकडच्या वस्तीत. दिगू टाकलेल्या कॉम्प्युटरपाशी बसून मागचं झाकण उघडायचा, लेबल वाचायचा, नाही म्हणून मान हलवायचा. एका गोऱ्या बाईनं खिडकीतनं बघितलं आणि पडदा ओढला. कावळे होतेच. आम्ही उघडलेल्या पिशव्या बघून जवळ यायचे.

शेवटी एक पिवळा पडलेला डबा सापडला. कॉम्प्युटरची दहा वर्षं म्हणजे माणसाची ऐंशी. दिगूनं त्याचा ड्राइव्ह उपसला, मागची बारकी पिन बदलून आपल्या मशीनला जोडला. भिंग पुसलं.

रविवारी आम्ही परत तिघं बसलो. खिडकीतनं ऊन आत आलं होतं. ड्राइव्ह सुरू झाला तो जात्यासारखा घरघरत. घुंईं नाही, थडथड नाही.

वाळू. धार. संग्राम. पिंड. माणसं मागं सरकली. कावळा दगडावर आला. मान तिरकी, पंख निम्मा.

पंख उघडला. आणि मिटला. कावळा तिथंच बसून राहिला.

सुवर्णानं माझा हात धरला, आपण कुणाचा हात धरलाय हे न बघताच.

पुढं बराच वेळ काही झालं नाही. चित्रातली माणसं उन्हात उभी. मग दिगूचा मामा बहिणीला म्हणाला, "बायजे, पोरांचं समदं बघतो मी." कावळा हलला नाही. भावकीतली एक बाई म्हणाली, "तुझी वाकळ कुनाला देत न्हाई, जाळतो." नाही. संग्राम पुढं झाला. "आये, दादाचा राग धरत न्हाई. म्या सोडला राग." त्याचा आवाज फाटला होता. कावळ्यानं मान दुसरीकडं वळवली आणि उडून परत बाभळीवर जाऊन बसला.

दिगू पुटपुटला, "न्हाई शिवत."

चित्रात आता कुजबुज सुरू झाली होती. भटजी दर्भ हातात घेऊन बसले. तेवढ्यात संग्राम कुणाच्यातरी हातातला मोबाइल घेताना दिसला. बटनं दाबली. कानाला लावून उभा राहिला. वाट बघितली. मग त्याचं तोंड कसंनुसं झालं. त्यानं फोन कानापासून काढला, एक बटन दाबून आवाज मोठा केला, वाकला आणि फोन पिंडापाशी वाळूवर ठेवला.

दिगूनं स्पीकरचा आवाज वाढवला. वाऱ्याची सूं सूं आणि त्यातनं बारीक, पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखा, दिगूचा स्वतःचा आवाज.

"आये, आमी घरात न्हाई. टुंग वाजलं की बोल. भिऊ नगं."

आम्ही तिघंही तो आवाज ओळखत होतो. दिगूच्या घरच्या फोनला निरोप घेणारं मशीन होतं. आधी त्यात यंत्राची इंग्रजी बाई बोलायची. म्हातारीनं एकदा फोन केला, बाईचा आवाज ऐकला आणि घाबरून ठेवून दिला. पुढं महिनाभर फोनच करीना. म्हणून दिगूनं मशीनवर खास तिच्यासाठी हे बोलून ठेवलं होतं. ऑफिसातल्या कुणाचा फोन आला तरी त्याला हेच ऐकू यायचं. निमिष चिडवायचा, "दिग्या, तुझं मशीन मला आये म्हणालं."

चित्रात बाभळीवरनं कावळा सुटला. एक नाही, तीन-चार. पहिल्यानं पिंडावर चोच मारली आणि भात उडाला. माणसांत गलका झाला. "शिवला, शिवला." वाळूवरनं टुंग असा आवाज आला, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

संग्राम तेवढा पिंडाकडं बघत नव्हता. तो कॅमेऱ्याकडं वळला, सरळ आमच्याकडं बघितलं आणि बोलायला तोंड उघडलं. "दादा..."

चित्राचे चौकोन चौकोन झाले. संग्रामचं तोंड फुटलं, वाळूवर वाळू चढली आणि ड्राइव्ह घरघरत राहिला. सुवर्णानं सोललेली जागा आली होती.

मग सुवर्णा म्हणाली, "दहाव्याच्या सकाळी मी तुमच्या घरनं परत आले तेव्हा मशीनवर निरोपाचा लाल दिवा होता. लावलं तर नुसता गलका आणि खरखर. कुणीतरी चुकून फोन लावला असंल म्हणून पुसून टाकलं मी."

दिगूनं सीडी बाहेर काढली, फडक्यात गुंडाळली आणि फोन उचलला. तिकडं रात्र झाली होती, पण संग्राम जागा होता.

"बघितलं का?" संग्राम म्हणाला. एवढ्या महिन्यांत पहिला प्रश्न तोच.

"बघितलं."

"मग झालं."

"शेवटाला तू काय म्हणालास रं? तेवढं दिसलं न्हाई. सीडी तिथं फाटलीय."

मला संग्रामचा फोनमधला श्वास ऐकू येत होता. "न्हाई ध्यानात," तो म्हणाला. "लई दिस झालं. म्हशीला पाणी दावायचं राहिलंय, ठेवतो."

एवढ्या रात्री कुणी म्हशीला पाणी पाजत नाही, हे दिगूला कळलं आणि मलाही.

पुढं दिगूचं काम ताळ्यावर आलं. पडद्यावरचा कावळा गेला. लोकांच्या घरी तो परत टाचणी घेऊन जायला लागला. पण "गेलं ते गेलं" म्हणताना मी त्याला नंतर ऐकला नाही. आई सुखानं गेली का, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "गेली. मी घरात न्हाई, एवढं ऐकून गेली."

दोन हजार आठ साली त्याला प्लेनोला नोकरी लागली. सामान बांधताना सुवर्णा ते फोनचं मशीन टाकून द्या म्हणाली. आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल, त्यातच निरोप राहतात. दिगूनं ते मशीन गाडीत आपल्या पायाशी ठेवलं आणि टेक्सासपर्यंत नेलं.

तिथंही ते चालू आहे. मी सणावाराला फोन लावतो. दिगू घरात असला तरी उचलत नाही, मशीन बोलायचं थांबल्याशिवाय उचलत नाही, असं सुवर्णा सांगते. पलीकडं घंटा वाजत राहते, मग खट्‌ होतं, मग तो पत्र्याच्या डब्यातला आवाज. आये, आमी घरात न्हाई. मी टुंग वाजायच्या आत फोन ठेवून देतो. तो निरोप माझ्यासाठी नाही.